परत पाठविलेली बशी

धर्मगुरूने जेवणाविषयी लिहावे की नाही, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येईल. शुभवर्तमान उघडून पाहिले तर तिचे निरसन आपोआप होते. प्रभू येशूच्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी प्रसंग कुणाच्या ना कुणाच्या पंक्तीला घडले आहेत. काना गावचे लग्नघर, लेवी जकातदाराची मेजवानी, शिमोन परूश्याचे घर, जक्कयाचा पाहुणचार, बेथानीतील मार्था आणि मरिया, माडीवरच्या खोलीतील अखेरचे भोजन, आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर भाजलेले मासे. त्याच्या विरोधकांनी तर त्याला खादाड म्हणण्यापर्यंत मजल मारली होती. तेव्हा जेवणाविषयी लिहिण्यात मी काही अपराध करीत आहे, असे मला वाटत नाही. मात्र माझी गोष्ट तृप्त झाल्याची नाही, जेवण बिघडल्याची आहे. आणि ते कुणी बिघडविले हे उमगायला मला सात महिने लागले.

माझ्या गुरुदीक्षेला २०२३ साली पंचवीस वर्षे पूर्ण झाली. धर्मग्रामात उपकारस्तुतीची मिस्सा झाली, भाषणे झाली, शाली आणि पुष्पगुच्छ आले, इंदेल आणि पुलावाचे जेवण झाले. सारे यथासांग पार पडले. त्यानंतर आठवड्याभराने माझा भाचा धर्मगुरुनिवासात आला आणि म्हणाला, “फादरमामा, आम्ही घरच्यांनी तुमची ज्युबिली वेगळी साजरी करायची ठरवली आहे. पुढच्या सोमवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. वांद्र्याला एक इटालियन रेस्टॉरंट आहे. तुम्ही रोमला होतात ना, म्हणून मुद्दाम तेच पाहिले. तीन आठवडे आधी टेबल राखून ठेवावे लागते.”

हा माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. तिला आम्ही भावंडे बाय म्हणतो. तिचे यजमान देवाघरी गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मुलगा एका कंपनीत इंजिनिअर आहे, सूनबाई शाळेत शिकवते. त्यांच्या लग्नाला तेव्हा सात वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याविषयी घरात कुणी उघड बोलत नसे.

भाच्याने रोमचे नाव काढले आणि माझ्या मनातील एक जुनी खिडकी उघडली. २००३ ते २००५ अशी दोन वर्षे मी रोममध्ये शिकत होतो. जानिकुलम टेकडीवरील विद्यापीठातून उतरून आम्ही तीन-चार परदेशी धर्मगुरू कधीमधी त्रास्तेवेरे भागातील एका लहानशा खानावळीत जात असू. एक वृद्ध विधवा ती चालवीत असे. तिच्याकडे छापील पत्रक नव्हते, फळ्यावर खडूने चार पदार्थ लिहिलेले असत. गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासळी, शनिवारी वजडी हा रोमचा जुना शिरस्ता तिने कधी मोडला नाही. आमच्या खिशाची अवस्था तिला ठाऊक होती. त्यामुळे बशी रिकामी झाली की न विचारता पळीभर वाढले जाई. त्याच भागात सांता मारिया हे प्राचीन महामंदिर आहे. संत एजिदियो संघाचे लोक १९८२ पासून दरवर्षी नाताळच्या दिवशी मंदिरातच मेजे मांडून गोरगरिबांना, एकाकी वृद्धांना आणि निर्वासितांना जेवू घालतात. २००३ च्या नाताळात मीही तेथे बश्या वाढल्या होत्या. सोनेरी मोझेकच्या खाली, जेथे एरवी भाविक गुडघे टेकतात, तेथे रस्त्यावरचे लोक लझान्या खात होते. रोममधील कोणत्याही ग्रंथालयापेक्षा त्या दुपारने मला अधिक शिकविले, असे मी पुष्कळ ठिकाणी सांगत आलो आहे. ते शिक्षण किती वरवरचे होते, हे पुढे कळले.

तर त्या सोमवारी आम्ही चौघे वांद्र्याला गेलो. एका जुन्या बंगल्याचे रूपांतर करून ते रेस्टॉरंट थाटले होते. प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्या होत्या. कोपऱ्यात एक लाल स्कूटर उभी होती आणि छताला प्लास्टिकची लिंबे टांगली होती. दिवे इतके मंद की समोरच्याचा चेहरा नीट दिसू नये, आणि संगीत इतके मोठे की त्याचे बोलणे ऐकू येऊ नये. दारातल्या मुलीने यादीत आमचे नाव शोधले आणि अत्यंत आदबीने सांगितले, की टेबल नव्वद मिनिटांसाठीच आहे.

पदार्थांचे पत्रक नव्हतेच. मेजावर एक चौकोनी चिन्ह चिकटविले होते; त्यावर मोबाईल धरला की पदार्थ दिसतात. बायकडे साधा फोन. तिने ते चिन्ह बोटाने चाचपून पाहिले आणि हळूच हात मागे घेतला. सूनबाईने आपला फोन तिच्या पुढ्यात धरला, पण ती अक्षरे बायच्या उपयोगाची नव्हती. “तुम्ही घ्याल तेच मला,” ती म्हणाली.

पाव वेगळा मागवावा लागला, त्याचे साडेतीनशे रुपये. पिझ्झा आला तो कडेला करपलेला आणि मध्ये ओला. बायसाठी मागविलेल्या पास्त्यात मिरचीच्या कुटाखेरीज कशाचीच चव नव्हती. मी कार्बोनारा मागविला होता. रोमच्या त्या विधवेच्या हातचा कार्बोनारा म्हणजे अंड्याचा बलक, मेंढीच्या दुधाचे खारे पेकोरीनो चीज, डुकराच्या गालाचे खारविलेले मांस आणि ताजी कुटलेली मिरी; बस्स, त्यात दुधाचा वा सायीचा थेंबही नाही. येथे माझ्यासमोर आलेल्या बशीत सायीच्या दाट पांढऱ्या रश्श्यात कोंबडीचे तुकडे आणि अळंबी पोहत होती.

येथून पुढे मी जे केले ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. मी वेटरला बोलावले. विशी-बाविशीचा सावळा, बारीक मुलगा होता. त्याला मी कार्बोनारा म्हणजे काय याचा पाठ दिला. पदार्थाच्या नावाचा इटालियन उच्चार कसा करावा हेही शिकविले. तो “येस सर, सॉरी सर” म्हणत राहिला. मी बशी परत पाठविली. बशी गेली तरी माझे प्रवचन थांबेना. अस्सल आणि नक्कल यांतील फरक, आजच्या पिढीला असलेले दिखाव्याचे आकर्षण, रोममध्ये दुपारनंतर कुणी कापुचिनो का पीत नाही, इत्यादी विषयांवर मी बोलत राहिलो. भाचा मान हलवीत होता. मध्ये एकदा त्याने आणि सूनबाईने एकमेकांकडे पाहिले. तो म्हणाला, “मामा, आम्हांला तुम्हांला आणि मम्मीला एक...” तेवढ्यात माझी नवी बशी आली. तीतही साय होतीच. माझ्या प्रवचनाला नवा अध्याय मिळाला.

नव्वद मिनिटे भरत आली. बाय पावाचा तुकडा तेलात बुडवीत असतानाच तिच्यासमोरची बशी उचलली गेली आणि बिल आले. आठ हजारांचे खाणे, त्यावर दहा टक्के सेवा आकार, त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण नऊ हजार दोनशे चाळीस रुपये. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या सूचनांप्रमाणे हा सेवा आकार ग्राहकावर आपोआप लादता येत नाही, आणि तो वाद त्या वेळी न्यायालयात होता, हेही मी मोठ्याने सांगितले. (दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना ग्राह्य ठरविल्या.) भाच्याने काही न बोलता पैसे भरले. परतीच्या वाटेवर गाडीत सारे शांत होते. घरी आल्यावर बायने कालवण गरम केले आणि आम्ही दोघांनी भात खाल्ला. “पोट भरले आता,” ती म्हणाली आणि आम्ही हसलो. भाचा आणि सूनबाई मात्र न जेवता आपल्या खोलीत निघून गेले होते. ते थकले असतील असे मला वाटले.

पुढे सहा-सात महिने ही हकिगत मी चवीने सांगत असे. धर्मगुरूंच्या मेळाव्यात तिने हशा पिकविला. एका रविवारी तर साधेपणावरील प्रवचनात मी तिचा दृष्टान्त म्हणून उपयोग केला. प्लास्टिकच्या लिंबांवर श्रोते खूप हसले. माझा भाचा त्या मिस्सेला हजर होता, हे मला नंतर समजले.

त्या वर्षी नाताळच्या सकाळी मिस्सा आटोपून मी बायच्या घरी गेलो, तेव्हा घरात ती एकटीच होती. गोठा उभारलेला होता, पण त्यातले दिवे लावलेले नव्हते. चारचौघांत ती मला ‘फादर’ म्हणते, घरात ‘तू’. “ती दोघे तिच्या माहेरी गेली,” ती म्हणाली. “महिना झाला, माझ्याशी धड बोलत नाहीत. तुला सगळे ठाऊक असेल. तूच त्यांना फूस दिली असशील.”

मला काहीच ठाऊक नव्हते. हळूहळू उलगडा झाला. मुलाने आणि सुनेने मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदविले होते. नोव्हेंबरात त्यांनी ते बायला सांगितले. तान्ह्या बाळासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि थोड्या मोठ्या मुलांना मात्र कुणी घेत नाही, म्हणून त्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी तयारी दाखविली होती. बायला धक्का बसला. कुणाचे मूल, कुठले रक्त, आईबाप कोण, बापजाद्यांच्या वाडीत ते कुठल्या नात्याने उभे राहणार. तोंडाला आले ते ती बोलून गेली. सूनबाई रडली. मुलगा त्या दिवसापासून आईच्या हातचे जेवेना.

मी भाच्याला फोन केला. जरा रागानेच विचारले, “एवढी मोठी गोष्ट, मला का सांगितली नाहीस?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादरमामा, त्याच रात्री सांगणार होतो. मम्मीला तुमच्यासमोर सांगावे, तुम्ही तिला समजावाल, म्हणून तर ते जेवण ठेवले होते. पण तुम्ही सॉसविषयी बोलत होतात.”

वाचकहो, पंचवीस वर्षे मी पापनिवेदन ऐकत आलो आहे. त्या वाक्यासमोर मात्र मला कसलेच उत्तर सुचले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एका मंगळवारी दुपारी मी भाच्याला जेवायला बोलाविले. कोठे, असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याच रेस्टॉरंटचे नाव घेतले. दुपारी तेथे गर्दी नव्हती, संगीतही जरा हळू होते. जेवणात काडीची सुधारणा झालेली नव्हती. रिझोत्तो म्हणून आलेला पदार्थ खिचडीच्या जवळ जाणारा होता, आणि खिचडी म्हणूनही तो फसला होता. या खेपेस मी तो मुकाट्याने खाल्ला आणि भाच्याला बोलू दिले. तो दोन तास बोलला. दवाखान्यांच्या फेऱ्या, दोनदा पोटातच गेलेली बाळे, त्यांपैकी एकाविषयी बायलाही काही ठाऊक नाही, नातेवाइकांच्या बारशांना न जाण्यासाठी शोधलेल्या सबबी. मी त्याचा मामा, आणि त्याच्या विवाहाची मिस्सा मीच अर्पण केली होती. यांतले मला काहीही माहीत नव्हते. कारण विचारायला कधी सवड झाली नव्हती, आणि जेव्हा त्याने पैसे मोजून ती सवड विकत घेतली, तेव्हा मी ती कार्बोनाऱ्यावर खर्च केली.

बिल आणणारा वेटर तोच मुलगा होता. मी त्याला ओळखले नाही, पण त्याने मला ओळखले. त्या दिवशी मी साध्या शर्टात होतो, तरी तो हळूच म्हणाला, “आप फादर हैं न?” त्याच्या बोटात जपमाळेची अंगठी होती. तो झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्याचा, आदिवासी कॅथलिक घरातला. रविवारी दोन्ही पाळ्या कराव्या लागतात, रात्री एक वाजता सुटका होते, आठवड्याची सुट्टी बुधवारी. पहाटेची मिस्सा जवळच्या चर्चमध्ये मिळते, पण कित्येक रविवारी डोळा उघडत नाही, हे पाप आहे का, एवढेच त्याला विचारायचे होते. इतक्या दिवसांत त्याला विचारण्यासारखे कुणी भेटले नव्हते. मेमध्ये तो मला विचारणार होता. माझ्या गळ्यातील क्रूस त्याने पाहिला होता. पण मी बशी परत पाठविली.

त्या बशीचे काय झाले, असे मी विचारले. तो सांगेना. भाच्याने आग्रह केला, तेव्हा कळले, की परत आलेल्या पदार्थाची निम्मी किंमत वेटरच्या पगारातून कापण्याची तेथे पद्धत होती. मी पाकीट काढले. त्याने दोन्ही हात मागे घेतले. “पैसे नको फादर,” तो म्हणाला, “माझ्या आईच्या नावाने एक मिस्सा म्हणा. ती गेली तेव्हा मी इथे ड्युटीवर होतो.”

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला प्रभुभोजनाच्या बाबतीत खडसावले आहे. तेथील सधन मंडळी आपापले जेवण आणून आधीच जेवून घेत, आणि उशिरा येणारे कष्टकरी उपाशी राहत. शरीराची जाणीव न ठेवता खाणारा आपल्यावर न्याय ओढवून घेतो, असा पौलाचा इशारा आहे. सेमिनरीत या उताऱ्यावर मी निबंध लिहिला होता. ‘शरीर’ या शब्दाचा अर्थ वेदीवरील ख्रिस्तशरीर की पंक्तीला बसलेली मंडळी, या चर्चेत दोन्ही अर्थ कसे जुळतात हे मी मोठ्या हिरिरीने दाखविले होते. परीक्षकांनी चांगले गुण दिले. पुढे त्या मेजावर पोटातला घास गिळता न आलेला भाचा, पत्रक वाचता न आलेली बहीण आणि शंका विचारू न शकलेला वेटर, अशी तीन उपाशी माणसे माझ्याभोवती होती. आणि मी सॉसची परीक्षा करीत होतो.

त्या सुमारास मला माझ्या विद्वत्तेचीही शहानिशा करावीशी वाटली. तेव्हा असे आढळले, की ज्या कार्बोनाऱ्याच्या सोवळेपणासाठी मी एवढा आवाज चढविला होता, तो पदार्थ दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या नावाने कुठल्या पाकपुस्तकात सापडतच नाही. रोममध्ये आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातील खारे मांस आणि अंडी यांच्याशी त्याच्या जन्माचा संबंध जोडला जातो. इटलीतील एका नामांकित पाकशास्त्रीय मासिकाने १९५४ साली त्याची कृती छापली, तीत चक्क स्विस ग्रुयेर चीज आणि लसूण आहे. पुढे कित्येक इटालियन आचारी त्यात सायही घालीत असत. ज्याच्याशिवाय आज इटालियन स्वयंपाकाची कल्पना करता येत नाही, तो टोमॅटोदेखील सोळाव्या शतकात अमेरिकेतून तेथे आला. आणि आपण वसईकरांनी तरी कुणाला हसावे? ज्या मिरचीवाचून आपले कालवण होत नाही ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. गोव्याचा विंदालू म्हणजे पोर्तुगीजांचे लसूण-व्हिनेगरमध्ये मुरविलेले मांस. अस्सल म्हणून आपण ज्याची पताका मिरवितो, ते बहुधा कुणीतरी, कधीतरी, परक्याकडून घेऊन आपल्या चुलीवर मुरविलेले असते. ते रेस्टॉरंट चांगले होते असे मी आजही म्हणणार नाही. पिझ्झा कच्चा होता, पाव महाग होता आणि मुलाचा पगार कापणे हा अन्याय होता. परंतु मी रागावलो होतो तो त्या अन्यायावर नव्हे, सायीवर.

बायचे मन वळविण्याचे काम राहिले होते. मी तिला उपदेश केला नाही. त्या शस्त्राची धार आता बोथट झाली होती. दर सोमवारी संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जाऊ लागलो. ती बोले, मी ऐके. तिच्या रागाच्या तळाशी भीती होती. आपल्या लहानपणी शेजारच्या एका निपुत्रिक जोडप्याने मूल आणले होते, आणि ‘हे तुमचे नाहीच’ असे म्हणून भाऊबंदांनी पुढे त्याला घराबाहेर काढले, ते तिने पाहिले होते. तिची भीती निराधार नव्हती. त्या काळी ख्रिस्ती कुटुंबाला कायद्याने दत्तक घेताच येत नसे. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येई, आणि मूल सज्ञान झाले की ते पालकत्वही संपे. बालन्याय कायद्याने २००० साली ही वाट सर्व धर्मीयांसाठी खुली केली, २०१५ च्या कायद्याने ती पक्की झाली, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. तो आदेश झाला, की ते मूल पोटच्या मुलाइतकेच हक्काचे. हे मी तिला सांगितले. तिने तीन वेळा विचारून खात्री करून घेतली.

मग एका सोमवारी ती आपणहून म्हणाली, “योसेफाला तरी रक्ताचा मुलगा कुठे होता?” पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर संत योसेफाचे वर्ष पाळायला सांगितले, तेव्हा मी त्यावर डझनभर प्रवचने केली होती. हे वाक्य मला सुचले नव्हते. बायला ते भांडी घासताना सुचले. त्या रविवारी तिने सुनेला फोन केला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मुलगी घरी आली. पाच वर्षांची, केस बारीक कापलेले, प्रश्नाचे उत्तर मानेने देणारी. जेवताना पोळीचा एक तुकडा ती फ्रॉकच्या खिशात ठेवीत असे. बाय ते पाही आणि काही बोलत नसे. रात्री ती मुलीच्या उशाशी एका डबीत चार सुकेळी ठेवू लागली.

सिसिलीचा एक धर्मगुरू रोममध्ये माझा सहाध्यायी होता. त्याच्याकडून ऐकलेली एक चाल मला आठवली. त्यांच्याकडे १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला, घराघरांतून आणि गावागावांतून मेज मांडतात. एक वृद्ध, एक स्त्री आणि एक मूल यांना पवित्र कुटुंब म्हणून बोलावितात; ही माणसे बहुधा गरिबांमधलीच असतात आणि त्यांना आधी वाढतात. सण प्रायश्चित्तकाळात येतो म्हणून मेजावर मांस नसते. पास्त्यावर चिजाऐवजी भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरतात. तो योसेफाच्या सुतारशाळेतला लाकडाचा भुसा.

२०२५ साली १९ मार्च बुधवारी आला. मी बायच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वसईचा कडक पाव किसून भाजला. सिसिलीत त्यात खारविलेली बारीक मासळी कुस्करतात. ती कुठून आणणार? बायने डब्यातले सुकट पुढे केले. मी क्षणभर थांबलो, मग घातले. लसूण, तेल, लाल मिरची, सुकट आणि पावाचा चुरा असा तो पास्ता झाला. सिसिलीच्या माझ्या मित्राने पाहिला असता तर त्याने नक्की बशी परत पाठविली असती. शिवाय मी बोलत राहिल्याने तो जास्त शिजला होता.

बुधवार म्हणजे सिमडेगाच्या त्या मुलाचा सुट्टीचा दिवस. तो आपल्या खोलीवरच्या दोघा जोडीदारांना घेऊन लोकलने आला होता. त्याच्या आईच्या नावाची मिस्सा सकाळी मी अर्पण केली होती. तो पुढच्या बाकावर बसला होता. दुपारी तो सवयीने वाढायला उठला, तेव्हा बायने त्याला हाताला धरून खाली बसविले आणि म्हणाली, “आज तू बस.”

आधी मुलीला वाढायचे ठरले होते. तिने पास्त्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. घरात येऊन तिला महिना झाला होता; तोवर तिने कुणाकडे काहीही मागितले नव्हते. आता ती हळू आवाजात म्हणाली, “केचप आहे?”

भाच्याने माझ्याकडे चोरून पाहिले. सूनबाई खाली मान घालून हसू दाबू लागली. मी उठलो, फ्रीज उघडला, बाटली घेतली आणि माझ्या हाताने तिच्या बशीत केचप ओतला, भरपूर ओतला. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा. मग मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, जी खरे तर आधी म्हणायची असते, आणि आम्ही सारे जेवू लागलो.